अमेरिकेतलं पहिलं टॅक्स रिटर्न: एफ-१ आणि जे-१ वाल्यांसाठी

मार्च २०२३ मधल्या एका शनिवारी रात्री आम्ही चौघी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो होतो. वरच्या मजल्यावरचा सीनियर दादा लॅपटॉप घेऊन आला होता. एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने एकेकीचं रिटर्न अर्ध्या तासात भरून दिलं आणि आम्ही त्याला खिचडी-पापड खायला घातले. मध्येच स्क्रीनवर प्रश्न आला, 'पदवी शिक्षणाची पहिली चार वर्षं पूर्ण झाली आहेत का?' दादा म्हणाला, "नाही टाक. अमेरिकेत तुझं पहिलंच वर्ष आहे ना?" मी नाही टाकलं. महिन्याभरात रिफंड आला, तो अंदाजापेक्षा बरोबर हजार डॉलरने जास्त. आम्ही दादाला पार्टी दिली.

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसने टॅक्सची कार्यशाळा घेतली. तिथे कळलं की फॉर्मच चुकीचा होता, शैक्षणिक क्रेडिट (भरलेल्या फीपोटी मिळणारी करसवलत) आम्हाला लागूच नव्हतं आणि ते हजार डॉलर परत करायचे आहेत, वर व्याज. दादाचा हेतू चांगला होता. त्यालाही कुणीतरी असंच भरून दिलं होतं.

एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) किंवा जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) घेऊन आलेल्या तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. आकडे २०२५ सालच्या उत्पन्नाचे आहेत, म्हणजे एप्रिल २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे. इथलं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. आपलं एप्रिल-मार्च डोक्यातून काढून टाका.

१. आधी ठरवा: तुम्ही रेसिडेंट की नॉनरेसिडेंट?

पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. घर भाड्याने घेतलं, राज्याचं लायसन्स काढलं, दोन वर्षं इथेच राहताय, याचा टॅक्सच्या 'रेसिडेंट'शी काही संबंध नाही. आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) दिवस मोजते. चालू वर्षात किमान ३१ दिवस आणि तीन वर्षांचे मिळून १८३ दिवस (चालू वर्षाचे पूर्ण, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश) भरले की माणूस टॅक्सपुरता रेसिडेंट होतो.

पण एफ-१ आणि जे-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजतच नाहीत. जे-१ वर शिकवायला किंवा संशोधनाला आलेल्यांना ही सूट साधारण दोन कॅलेंडर वर्षं मिळते. या शिक्षक-संशोधकांपैकी कुणी मागच्या सहा वर्षांत आधी कधी एफ किंवा जे व्हिसावर इथे राहिलं असेल, तर ती वर्षंही त्यात धरली जातात.

'कॅलेंडर वर्ष' हा शब्द नीट वाचा. तुम्ही ३० डिसेंबरला उतरलात तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडतं. मी ऑगस्ट २०२२ मध्ये आले, म्हणून माझी पाच वर्षं २०२२ ते २०२६. ऑगस्ट २०२७ पर्यंत मुदत आहे असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

आयआरएसच्या भाषेत अशा व्यक्तीला 'एग्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल' म्हणतात आणि हा शब्द दरवर्षी कुणाला ना कुणाला फसवतो. ही सूट दिवस मोजण्यापुरती आहे. टॅक्समधून सुटका झाली असा त्याचा अर्थ नाही.

२. फॉर्म ८८४३: एक डॉलरही कमावला नसला तरी

"मी तर कामच केलं नाही, मला कशाला टॅक्स?" हे दर वर्षी ऐकायला मिळतं. बरोबर आहे, टॅक्स नाही, पण फॉर्म आहे. माझे दिवस मोजू नका, हे सरकारला सांगायची जागा म्हणजे फॉर्म ८८४३. तो प्रत्येक नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याने आणि संशोधकाने दर वर्षी भरायचा.

एफ-२ किंवा जे-२ वर आलेल्या नवऱ्याचा, बायकोचा, मुलांचाही स्वतंत्र फॉर्म लागतो. तुमच्यासोबत आलेल्या दोन वर्षांच्या लेकीचा फॉर्म भरायचा. इथे जन्मलेलं बाळ मात्र अमेरिकन नागरिक, त्याला हा फॉर्म नको.

भरायला वीस मिनिटं पुरतात. अडतं ते दिवसांच्या रकान्यांत. समजा तुम्ही १० ऑगस्ट २०२५ ला पहिल्यांदा आलात आणि वर्ष संपेपर्यंत कुठे गेला नाहीत. उतरल्याचा दिवस धरून ऑगस्टचे २२, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे ३१, एकूण १४४. २०२५ पुढे १४४ लिहा, २०२४ आणि २०२३ पुढे शून्य. त्याखाली 'वगळायचे दिवस' विचारतात, तिथेही १४४. मधल्या फेऱ्यांच्या तारखा आठवत नसतील तर आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) च्या सरकारी वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून प्रवासाचा इतिहास काढता येतो. मी पासपोर्टावरचे पुसट शिक्के भिंगाखाली धरून बसले होते, तुम्ही बसू नका.

विद्यार्थ्यांनी फॉर्मचा तिसरा भाग भरायचा, शिक्षक-संशोधकांनी दुसरा. तिसऱ्या भागात 'प्रोग्रॅमचा डायरेक्टर' विचारतात. तिथे बहुतेक जण इंटरनॅशनल ऑफिसमधल्या सल्लागाराचं नाव-पत्ता देतात. कोणाचं द्यायचं ते अनेक विद्यापीठं आपल्या वेबसाइटवर सांगूनच ठेवतात.

फॉर्म एकटाच पाठवणार असाल तर शेवटी पेनाने सही करा. रिटर्नला जोडून जाणार असेल तर सही रिटर्नवर. एकट्या ८८४३ ची मुदत १५ जून, आणि तो टपालानेच जातो: डिपार्टमेंट ऑफ द ट्रेझरी, इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस सेंटर, ऑस्टिन, टेक्सास ७३३०१-०२१५. प्रत्येकाचं पाकीट वेगळं ठेवा. पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपा आणि फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवा. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तरी ८८४३ भरता येतो, तेवढ्यासाठी आयटीआयएन (एसएसएन न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर) काढायची गरज नाही.

३. कामाला लागाल त्या दिवशी

लायब्ररीत, डायनिंग हॉलमध्ये किंवा लॅबमध्ये काम मिळालं की त्याचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं आणि एसएसएन काढायचा. इथे आपल्याकडच्या नावांचा घोळ होतो. अनेकांच्या पासपोर्टावर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. मग एसएसएनच्या कार्डावर एक, पगाराच्या कागदांवर दुसरं आणि बँकेत तिसरंच नाव लागतं. कार्डावर छापलेलं नाव प्रमाण माना आणि पेरोलकडे (पगार काढणाऱ्या विभागाकडे) तेच लिहून द्या.

पेरोल डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा फॉर्म) भरायला देतं. नॉनरेसिडेंटने त्यात 'सिंगल' निवडायचं, लग्न झालं असलं तरी, आणि ४-सी या ओळीखालच्या जागेत 'नॉनरेसिडेंट एलियन' असं लिहायचं. फॉर्मवर ही सूचना ठळक दिसत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या हातून ती सुटते.

मग पहिली पे-स्लिप आली की दोन कपाती शोधा: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. दोन्ही मिळून फिका म्हणतात. पहिली ६.२ टक्के, दुसरी १.४५ टक्के. नॉनरेसिडेंट एफ-१ आणि जे-१ वाल्यांच्या अधिकृत कामावर या दोन्ही लागत नाहीत, सीपीटी-ओपीटीवरही (एफ-१ वाल्यांना शिक्षणाशी जोडलेल्या कामाचे परवाने) नाहीत. विद्यापीठाच्या पेरोलला हे माहीत असतं. ओपीटीवरच्या छोट्या कंपन्यांना अनेकदा नसतं. ६०,००० डॉलर पगारावर हा फरक वर्षाला ४,५९० डॉलरचा होतो.

माझ्या मैत्रिणीची कपात सहा महिने चालली होती. तिने एचआरला विचारलं तेव्हा "सगळ्यांचीच होते" असं उत्तर आलं. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नाही. कधी आलात, किती वर्षं झाली आणि एफ-१ ला ही सूट आहे, असं शांतपणे ईमेलमध्ये लिहा. कापलेले पैसे परत करायची पहिली जबाबदारी मालकाची. त्याने हात वर केले तर फॉर्म ८४३ आणि त्याला जोडून ८३१६ भरून आयआरएसकडे मागायचे. पैसे मिळतात, पण वाट पाहायला लागते. मैत्रिणीला कंपनीनेच दिले, चार ईमेलनंतर.

४. कागद गोळा करा

जानेवारीच्या मध्यापासून लक्ष ठेवा. भाड्याचं घर बदललं असेल तर जुन्या पत्त्यावर लिफाफे जातात, म्हणून पेरोलच्या पोर्टलवर पत्ता आधीच बदला.

– पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (एफ-१ चा प्रवेश-दाखला) किंवा डीएस-२०१९ (जे-१ चा), आय-९४
– एसएसएन किंवा आयटीआयएन
– डब्ल्यू-२: पगाराचा. मालकाने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. दोन ठिकाणी काम केलं असेल तर दोन
– १०४२-एस: करपात्र स्कॉलरशिप किंवा भारत-अमेरिका कर करारातली सूट घेतलेलं उत्पन्न असेल तर. हा मार्चच्या मध्यापर्यंत येतो
– १०९९: बँकेचं व्याज, शेअर वगैरे
– गेल्या वर्षीच्या रिटर्नची प्रत
– बँकेचा राउटिंग आणि खाते क्रमांक

डब्ल्यू-२ हातात आला की आधी ४ आणि ६ क्रमांकाचे चौकोन बघा. तिथे आकडा असेल तर फिका कापला गेला आहे. वर सांगितलेला रस्ता धरा.

१०४२-एस यायचा असेल तर फक्त डब्ल्यू-२ वर रिटर्न भरून मोकळे होऊ नका. फेब्रुवारीत रिटर्न टाकून मार्चमध्ये डोक्याला हात लावलेले दोघे जण मला माहीत आहेत.

१०९८-टी नावाचा कागदही येतो, त्यावर भरलेली फी असते. नॉनरेसिडेंटला शैक्षणिक क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो फाइलला लावा आणि विसरून जा. आमची खिचडीची रात्र याच कागदाने महाग पडली.

आईबाबांनी पाठवलेले पैसे आणि शैक्षणिक कर्ज हे उत्पन्न नव्हे, ते कुठेच दाखवायचं नाही. स्कॉलरशिपचा ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवर गेलेला भाग करमुक्त असतो. राहण्या-खाण्यासाठी मिळालेली रक्कम करपात्र, आणि त्यातून एफ-जे वाल्यांचे साधारण १४ टक्के आधीच कापले जातात. इथल्या बँकेतल्या साध्या ठेवीच्या व्याजावर नॉनरेसिडेंटला टॅक्स नाही. त्यासाठी बँकेला डब्ल्यू-८बेन (आपण नॉनरेसिडेंट आहोत हे सांगणारा फॉर्म) दिलेला बरा. अनेक जण खातं उघडताना घाईत डब्ल्यू-९ भरतात, तो रेसिडेंटचा फॉर्म आहे.

मोबाइलवरच्या अॅपमधून शेअर घेणाऱ्यांना एक सांगायचं आहे. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त इथे असलात, तर शेअरच्या नफ्यावर नॉनरेसिडेंटला सरळ ३० टक्के लागतात. माझं मत विचाराल तर शिकत असताना या फंदात पडू नका.

५. १०४०-एनआर आणि भारतीयांची सवलत

नॉनरेसिडेंटचं रिटर्न म्हणजे १०४०-एनआर. नुसता १०४० रेसिडेंटांचा. टर्बोटॅक्ससारख्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये १०४०-एनआर होत नाही, आणि ते तुम्हाला अडवतही नाही, गोड गोड प्रश्न विचारत १०४० भरून देतं. विद्यापीठाकडे स्प्रिनटॅक्स किंवा ग्लेशियर टॅक्स प्रेप या नॉनरेसिडेंटांच्या सॉफ्टवेअरचा कोड आहे का ते विचारा. कोड लवकर संपतात, फेब्रुवारीतच मागून ठेवा. काही ठिकाणी व्हीटा या आयआरएसच्या मोफत मदत योजनेचे स्वयंसेवक परदेशी विद्यार्थ्यांचं रिटर्न फुकट भरून देतात. जाण्याआधी "१०४०-एनआर करता का?" एवढं विचारून घ्या, कारण सगळी केंद्रं करत नाहीत.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. नॉनरेसिडेंटला साधारणपणे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी, टॅक्स न लागणारी रक्कम) मिळत नाही. पण १९८९ च्या भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना ते मिळतं. २०२५ साठी एकट्या व्यक्तीला ही रक्कम १५,७५० डॉलर आहे.

हिशेब करून बघा. तासाला १५ डॉलरने आठवड्याला २० तास, असे ४० आठवडे काम केलं, तर १२,००० डॉलर होतात. दुसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याला, त्याच्या देशाच्या करारात काही सूट नसेल तर, यावर जवळपास १,२०० डॉलर फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स बसतो. तुम्हाला शून्य. डब्ल्यू-२ च्या दुसऱ्या चौकोनात जे कापलेलं दिसतं ते सगळं परत.

सॉफ्टवेअरमध्ये नागरिकत्व आणि 'टॅक्स रेसिडेन्सीचा देश' दोन्हीकडे भारत निवडलं की ही सवलत आपोआप लागते. दुसऱ्या जागी चुकून अमेरिका निवडली की गायब होते. सबमिट करण्याआधी पीडीएफ उघडून डिडक्शनच्या ओळीत आकडा आहे ना ते डोळ्यांनी बघा. हाताने भरत असाल तर आयआरएसच्या प्रकाशन ५१९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी वेगळा मजकूर आणि तक्ता आहे, तो समोर ठेवा.

पगार असेल तर मुदत १५ एप्रिल. रिटर्नसोबत ८८४३ जोडायचाच.

६. जे-१ वर संशोधनाला आला असाल तर

वरचं स्टँडर्ड डिडक्शन विद्यार्थ्यांचं आहे, पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या संशोधकांचं) नाही. तुमच्यासाठी करारात कलम २२ आहे: विद्यापीठात शिकवण्या-संशोधनासाठी दोन वर्षांपर्यंत आलेल्याचा त्या कामाचा पगार दोन वर्षं करमुक्त. त्यासाठी फॉर्म ८२३३ पेरोलला द्यावा लागतो, दर वर्षी नव्याने.

इथला सापळा या लेखातला सगळ्यात महागडा आहे. तुमचा मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, तर सूट पहिल्या दिवसापासून रद्द होते आणि मागच्या सगळ्या पगारावर टॅक्स भरावा लागतो. त्यामुळे प्रयोगशाळेत "अजून वर्षभर थांबशील का?" असं विचारलं तर आनंदाने होकार देण्याआधी टॅक्सच्या माणसाशी बोला. ज्यांना आधीपासूनच जास्त राहायचं आहे, त्यांतले बरेच जण ही सूट घेतच नाहीत.

७. राज्याचं रिटर्न वेगळं

फेडरल झालं म्हणजे अर्धंच झालं. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पगारावर राज्याचा टॅक्स नाही, तिथे असाल तर हा भाग सोडून द्या. बाकीच्यांनी राज्याचं रिटर्न वेगळं भरायचं. राज्यांचे नियम आपापले असतात. कॅलिफोर्निया तर फेडरल करार मानतच नाही, म्हणून कलम २२ ची सूट घेतलेला पगार तिथे करपात्र धरला जातो. उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात इंटर्नशिप केली असेल तर बहुधा दोन राज्यांची रिटर्न्स होतात. क्रम मात्र पाळा: आधी फेडरल, मग राज्य. विद्यापीठाच्या कोडमध्ये राज्याचं बहुतेकदा धरलेलं नसतं, त्याचे पैसे वेगळे पडतात.

८. चूक झालीच असेल तर

आधीच्या वर्षी १०४० भरला असेल तर पत्राची वाट बघत बसू नका. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, त्याला बरोबर भरलेला १०४०-एनआर आणि ८८४३ जोडायचे आणि एका परिच्छेदात कारण लिहायचं: 'मी नॉनरेसिडेंट होते, चुकून रेसिडेंटचा फॉर्म भरला.' जास्तीची रक्कम सोबत भरली की व्याज तिथेच थांबतं. मी लायब्ररीच्या प्रिंटरवर चौदा पानं छापली, सही केली, पोस्टात दिली. भीती वाटत होती, पण झालं एवढंच की पैसे गेले. आधीची वर्षं ८८४३ भरायचा राहून गेला असेल तर प्रत्येक वर्षाचा वेगळा भरून पाठवून द्या.

आणि आयआरएसच्या नावाने फोन आला तर ठेवून द्या. ते आधी टपालाने पत्र पाठवतात, गिफ्ट कार्डांचे नंबर कधीच मागत नाहीत. हे आपल्याला वेगळं सांगायला नको, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकेत असेच फोन लावले जात होते.

९. पाचवं वर्ष संपत आलं की

सहाव्या कॅलेंडर वर्षापासून दिवस मोजायला लागतात आणि तुम्ही बहुधा रेसिडेंट होता, व्हिसा तोच असला तरी. मग १०४०, बहुतेक कामांवर फिकाची कपात सुरू, आणि जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. तोवर भारतातल्या एफडीच्या व्याजाशी आयआरएसला देणंघेणं नव्हतं, आता ते इथल्या रिटर्नमध्ये येतं.

शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा वेगळा अहवाल ऑनलाइन द्यावा लागतो. त्यात जॉइंट खातीही येतात. आपल्याकडे आईबाबा मुलांचं नाव सहकारी बँकेच्या ठेवीत, पोस्टाच्या योजनेत 'असू दे' म्हणून घालून ठेवतात आणि ते मुलांना माहीतही नसतं. माझ्या नावाच्या तीन पावत्या गेल्या दिवाळीत निघाल्या, त्यातली एक मी दहावीत असतानाची. पाचवं वर्ष संपायच्या आत घरी फोन करून कपाट उघडायला सांगा.